जुडीची गाठ

सोनबर्डी
२ जून २०२५

आशा,

नाही वं बाई, फोन नाही बिघडला माहा. तूच तिकून म्हनलं, "वयनी, हे असं फोनवर नोको बोलू, नितेश म्हनते फोन आयकतात, चिठ्ठी लिही," न खाड्कन ठेवून देल्ला. तवापासून म्या तो फोन तांदुयाच्या डब्यात टाकून ठेवला. आयका म्हना आता तांदूय. पोरगा पोलिसात लागला तं तुले फोनची भीती वाटाले लागली. पयले पालीचीच तेवढी वाटे.

तं घे चिठ्ठी. चवथी पास बाईचं अक्षर हाये, नाही लागलं तं जवाईबापूले वाचाले लावजो. रिटायर झाल्यापासून ओमप्रकाशरावले घोरन्याशिवाय काम नाही म्हनतेस, तेवढेच डोये उघडे राहतीन.

तुनं इचारलं का मले बलावनं आलं काय. आलं. अकोल्यावून चौकशीवाल्या म्याडम आल्या. चौकीत नाही बसल्या त्या, शायेत बसल्या, चवथीच्या वर्गात. ज्या वर्गातून मास्तरनं मले कान धरून बाहीर काढलं, तथीच आता सरकार बसलं. मले या महिन्याच्या आखरीले ये म्हनते.

तुले तिकडं काय काय आयकू आलं देव जाने, म्हनून एकदा सरयं सांगून ठेवते. माह्या वावरात झेंडू तोडाले येते ते जाईबाई, तिचा नवरा देवमन. मे महिन्यात, सारं गाव भाजून राहिलं होतं तवा, चौकीवाल्याइनं त्याले सकायीच घरून उचललं. चोरीचा संशय म्हने. संध्याकायी दवाखान्यात नेता नेता मेला. पोलिसाइचं म्हननं का, आमी त्याले दुपारीच सोडला होता, रस्त्यानं ऊन लागून पडला. जाईबाईचं म्हननं का, सोडलाच नाही, चौकीच्या मांगच्या खिडकीले बांधून ठेवला, उन्हात. चौकीत त्या दिवशी दोघंच होते. एक जमादार, न एक तुहा नितेश.

न चौकीच्या मांगं घर कोनाचं? माहं. मंधात एक बाभूय न तारेचं कुंपन. म्हनून सारं गाव माह्या तोंडाकडं पाहून राहिलं. बजारात बसली का बाया भाजी नाही पाहत, पयले माहं तोंड पाहतात. म्हातारपनी एवढा भाव आला मले.

तं काय सांगू वं मी? त्या दुपारी मी झोपली होती. मी झोपली का आंगावून म्हैस गेली तरी समजत नाही, तुह्या दादाले इचार. पन आता त्याइले कुठी इचारशीन. ते तं सहा वर्स झाले तिकडं गेले. बरं झालं बुढी मांगून आली नाही, म्हनत असतीन, निवांत हाये.

मांगच्या वाफ्यात सांबार लावला हाये. तुमी शहरातले कोथिंबीर म्हनता तोच. या उन्हात घडीघडी पानी शिपडा लागते, नाहीतं मान टाकते.

माणिक


अमरावती
७ जून

वहिनी,

तुझं पत्र मिळालं. पुढच्या वेळी त्या निळ्या आंतरदेशीयवर लिहू नकोस, लिफाफ्यात घाल. पोस्टमन दारात उभा राहून हसत होता. घोरण्याचं एवढं त्याला बाहेरून वाचता आलं. दोन दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत.

थट्टेचे दिवस नाहीत गं हे. नितेश रविवारी आला होता. जेवला नाही. मी कूलर लावला तर उठून गच्चीवर गेला, भर दुपारी. तव्यासारखी तापलेली गच्ची, आणि हा अनवाणी उभा. मी जिन्यातून हाका मारते आहे तर म्हणतो, "थांब आई, पाहू दे किती वेळ उभं राहता येते." त्या दिवशी काय झालं विचारलं की एकच उत्तर, "मी गेटवर होतो." मी त्याची आई आहे, मी विश्वास ठेवते. तूही ठेव. उन्हाळ्याच्या सुट्ट्या त्यानं तुझ्याकडेच काढल्या. स्वतःचं मूल नाही म्हणून तू त्यालाच जेवू घातलंस, न्हाऊ घातलंस.

वरूडची मुलगी पाहिली आहे त्याच्यासाठी. करिश्मा नाव. संत्र्याचा मोठा बगीचा आहे त्यांचा. ही चौकशी आटोपली की साखरपुडा. त्यांचा सारखा फोन येतो, "पेपरात आली ती चौकी तुमच्या मुलाची तर नाही ना?" मी म्हणते, नाही हो, ती वेगळी.

तू झोपली होतीस हे देवानंच केलं. तिथं तेवढंच सांग. एक शब्द जास्त नको. नाहीतर असं कर, महिनाभर इकडेच येऊन राहा. बाई गावातच नाही म्हटल्यावर म्याडम काय करणार? आणि त्या लोकांचं काय, बसतील अकोल्याला कचेरीसमोर चार दिवस, मोर्चा काढतील, मग शांत होतील. त्यांना सवय असते.

तुझी
आशा


सोनबर्डी
१२ जून

आशा,

घे, लिफाफा आनला. डिंकानं चिकटवला, वरून भाताचे शितंबी लावले. आता पोस्टमनले हासाचं असन तं घरी जाऊन सोताच्या बायकोले हासन.

कूलरचं आमंत्रन देल्लं, बरं वाटलं. पन तुह्या घरी कूलरची हवा जवाईबापूले जाते न आपल्या वाट्याले त्याइचा आवाज येते. नाही येत मी. न वरूडच्या सोयऱ्याचं सांगतलं तं हासूच आलं मले. संत्र्यावाले लोकं हायेत वं ते. हातात घेतलं का सालीवून सांगतात, आंदर रस हाये का कोरडं हाये. तू किती दिवस साल दाखवशीन?

एक गोष्ट मातर लागली मले. "ते लोकं" म्हनजे कोन वं? जाईबाई माह्या ताटाजवय बसून जेवते. पयले नव्हती बसत. पयले मीच नव्हती बसू देत, खरं सांगाचं तं. आता बसते. न हे आजकाल येते तं जेवत नाही. फुलं तोडते, पदरात घेते, न बांधावर बसून राहते. झेंडू सुकून जाते पदरातच. मी म्हनलं, "काय वं, नवरा गेला तं फुलं कावून मारतेस?" म्या तं हासवाले म्हनलं. ते मले म्हने, "मानिकबाई, तुमचं टोपलं नसतं लवंडलं तं ते घरी असते."

तुले हे माईत नसन. बजारात जमादारानं माह्या टोपल्याले लाथ मारली होती. रस्त्यात कावून बसली म्हने. सांबार, पालक, वांगे, सारं धुयीत. न तो वर चढून तुडवून राहिला. म्या म्हनलं, "सायेब, भाजी होऊ द्या शिजून, मंग खा, कच्ची कावून चाबता?" लोकं हासले. देवमननं ते सारं फोनमंधी घेतलं न गावात पाठवलं. ज्याच्या त्याच्या फोनात जमादार पालकावर नाचून राहिला. न मंग पुढच्या बजारापर्यंत देवमनवर चोरीचा संशय आला. फोन तं त्याचा तवाच घेतला, अजून दिसला नाही कोनाले.

म्हंजे माह्या टोपल्यापायी गेला तो. न माह्या जिभेपायीबी.

आता आयक, न ओमप्रकाशरावले वाचून नोको दाखवू. त्या दिवशी संध्याकायी त्याले गाडीत टाकून नेला, न मी मांगून कुंपनातून गेली. खिडकीच्या गजाले दोर तसाच होता. कोनंतरी गवत कापाच्या इयानं कापला होता. म्हंजे कापला, सोडला नाही. गाठ तशीच्या तशी गजावर. दोन येढे, आडवा फास, न शेपूट बाहीर.

समजलं? आपल्या जुडीची गाठ. तुह्या बापानं काढलेली. टोपल्यात कितीबी आपटली तरी ढिल्ली होत नाही, न घेनारीनं शेपूट वढलं का एका झटक्यात सुटते. साऱ्या बजारात आपली जुडी त्याच्यावूनच ओयखू येते. मी लग्न होऊन आली तं तुह्या दादानं मले पयले ते गाठ शिकवली, बाकीचं मंग. न सुट्ट्यात पोट्ट्याले म्या शिकवली. जमादार तं बुलडान्याकडचा हाये. त्याले बुटाची नाडी नाही बांधता येत.

दुसऱ्या दिवशी दोर नव्हता तथी. कोनं नेला काय माईत.

नितेशले म्हन, सोता जाय म्याडमकडं. कोनी नाव घ्याच्या आधी आपुनच सांगितलं तं वजन कमी होते. कोनाच्या सांगन्यावून बांधला तेबी सांग म्हन. गेटवर होतो नोको सांगू म्हन. गेटवरून खिडकीपर्यंत हात पुरत नाही मानसाचा.

माणिक


अमरावती
१६ जून

वहिनी,

दोरीच्या एका गाठीवरून तू घरच्या मुलावर बोट ठेवतेस? दोन वेढे आणि फास कुणीही मारील. गठ्ठे बांधणारे हमाल मारतात, मूर्तिजापूरच्या स्टेशनवर जाऊन बघ. कावून वं अशी करून राहिली तू? तुले काय भेटन त्यातून? मले एकच पोरगं हाये वं वयनी, एकच.

रात्रभर विचार केला. दोर तिथं नाही म्हणतेस ना? मग बरं झालं. दोर नाही, गाठ नाही. गाठ बघणारी तू एकटी, आणि तू झोपली होतीस.

आणि समजा, नुसतं समजा, की ती आपलीच गाठ होती. मग तूच सांग, ती कशी गाठ आहे? सुटणारी. ज्याला मारायचं असतं तो असली गाठ मारतो का? माझ्या पोरानं त्याच्यावर दया केली असंच झालं ना ते? तुला बोलायचंच असेल तर हे बोल तिथं. नाही, हेही नको बोलूस. काहीच नको बोलूस.

नितेशला तुझ्याकडे पाठवते. तुझं तो ऐकतो. त्याच्या तोंडाकडे बघून काय ते ठरव. सोबत तुला लुगडं पाठवते आहे, हिरव्या काठाचं, तुला आवडतं तसं.

आशा


सोनबर्डी
२६ जून

आशा,

लुगडं भेटलं. काठ हिरवा हाये, पन मी नेसून बाहीर निंगाली का गाव इचारन, बुढीले हे कावून भेटलं. म्हनून पेटीत ठेवून देल्लं. मरीन तवा आंगावर टाकजा. न रागात कशी आपली बोली निंगाली तुह्या तोंडून! दोनच ओयी, पन त्याच वाचून मले वाटलं का हे माही ननद हाये. बाकीचं तं शायेतल्या बाईनं लिहिल्यासारखं.

नितेश आला होता. साध्या कपड्यात, हेल्मेट घालून. घरात आला तरी हेल्मेट काढे ना. म्या म्हनलं, "काढ बापा, माह्या घरचं छप्पर मजबूत हाये." तवा काढलं. डोये आत गेले वं त्याचे. म्या भाकर देल्ली, वांग्याची भाजी देल्ली, ते थंडी होऊन राहिली. मी आपली बजारासाठी सांबाराच्या जुड्या बांधाले बसली. तोबी बसला समोर. हात पुढं केला, एक मूठ सांबार घेतला न बांधाले लागला. लहानपनी बांधे तसा, जीभ दाताखाली धरून. एक बांधली, दुसरी बांधली. तिसरी बांधता बांधता थांबला न आपल्याच बोटाकडं पाहत राहिला.

म्या म्हनलं, "बांध की. कावून थांबला?"

तं म्हने, "मामी, तुले माईत हाये ना?"

"मले काय माईत असन बापा? मी झोपली होती."

"जमादारानं म्हनलं बांध, म्हनून बांधला. म्हने घंटाभर उन्हात ठेवू, व्हिडिओ काहाडन्याची मस्ती उतरते. म्या मुद्दाम आपली गाठ मारली. म्हनलं, यानं जरासं वढलं का सुटते, पयून जाईन. मंग जमादारानं मले जीप घेऊन मूर्तिजापूरले पाठवलं, त्याच्या सासऱ्याले आंबे पोचवाले. तथी सासऱ्यानं बसवून घेतलं, चहा घे म्हने, जेवून जाय म्हने. वापस आलो तं इयानं कापून खाली टाकलेला होता."

"न त्याले सांगतलं होतं काय, का वढलं का सुटते?"

"नाही."

"मंग कसा वढन रे बापा? शेपूट त्याच्या बोटापाशीच लोंबून राहिलं होतं. पन त्याले काय माईत का ते वढाचं असते? त्यानं का कधी भाजी इकली?"

तवा रडला. मोठ्यानं नाही रडला, नुसता हालला. म्या त्याच्या डोक्यावर हात ठेवला, केस ओले होते हेल्मेटनं. म्या म्हनलं, "म्याडमकडं जाय. हेच सांग, जसं मले सांगतलं तसं. आंबे सांग, सासरा सांग, सारं सांग." तं म्हने जमादारानं सांगितलं हाये, तोंड बंद ठेव, वरपर्यंत बोलनं झालं, पावसाया लागला का लोकं वावरात जातीन न इसरतीन. म्या म्हनलं, "तू इसरशीन काय?" त्यानं हेल्मेट उचललं. जाताखेपी दारात उभा राहून म्हने, "मामी, तू माहं नाव घेशीन काय?"

म्या त्याले काय म्हनलं असन? म्या म्हनलं, "तू जाय ना सोता, म्हंजे मले घ्याचं कामच नाही पडत."

तीन जुड्या बांधून गेला. दोन इकल्या. तिसरी अर्धवट होती, ते घरी ठेवली.

त्याले पाठव आशा. माह्यासाठी नाही, जाईबाईसाठीबी नाही म्हन पाह्यजे तं. तो गच्चीवर उभा राहते ना, त्याच्यासाठी पाठव. लवकर पाठव. लय लवकर.

माणिक


अमरावती
९ जुलै

वहिनी,

काल सकाळी नितेशला नेलं. आधी निलंबनाचा कागद आला, मग जीप. ज्यांच्यासोबत तो चहा प्यायचा त्यांनीच हात धरला. त्यानं चपला घातल्या, देवाला नमस्कार केला आणि गेला. जाताना ह्यांना म्हणाला, "पप्पा, गच्चीवरचे पापड काढून घ्या." हे पलंगावर बसून आहेत कालपासून. घोरत नाहीत. तुला हसायला हवं होतं ना? हस आता.

जमादार सुटला. त्या दिवशी तो रजेवर होता असं कागदावर निघालं. रजेचा अर्ज, सही, शिक्का, सगळं आहे. त्याची फक्त बदली झाली. म्हणजे त्या दिवशी चौकीत माझा पोरगा एकटाच होता. त्यानंच आणला, त्यानंच बांधला, त्यानंच मारला. वकील म्हणतात, दोर सापडला आहे. कापलेला, गाठीसकट, म्याडमच्या ताब्यात. आणि ती गाठ कुणाची ते सांगणारं माणूसही आहे. नाव वकिलाला कळलं नाही.

वरूडहून फोन आला. करिश्मा पुढं शिकते म्हणते, असं म्हणाले.

कोण गं हे माणूस? जाईबाई? तिला काय कळतं गाठीतलं, तिनं भाजी कधी बांधली? त्या गावात आपली गाठ कोण ओळखतं? तुझं ते मागचं पत्र मी चुलीत घातलं, नितेशनं तुला जे सांगितलं ते कागदावर राहू नये म्हणून. पण घालण्याआधी पुन्हा वाचलं. त्यात तू लिहिलं होतंस, शेपूट त्याच्या बोटापाशी लोंबत होतं. वहिनी, तू तर दोर संध्याकाळी पाहिलास ना, त्याला नेल्यावर? मग शेपूट कुठं लोंबत होतं ते तुला कसं माहीत? नितेशनं तर ते सांगितलं नव्हतं.

तू झोपली नव्हतीस.

दादाची शपथ घालते तुले, खरं सांग. तू गेली होतीस का म्याडमकडे? आणि त्या दुपारी तू तथी होती, तुले दिसून राहिलं होतं का आपली गाठ हाये, एका झटक्यात सुटते, तं मंग तुनं कावून नाही सोडला त्याले? सोडला असता तं तो जित्ता असता न माहा नितेश घरी असता. सांग मले. तुही थट्टा नोको सांगू. हे सांग.

आशा


सोनबर्डी
१४ जुलै

आशा,

त्याइची शपथ नोको घालू. शपथ नसती घातली तरी सांगतलं असतं आता. थट्टा नाही करत. येतच नाही.

म्याडमले सांगनारी मीच. मे महिना सराच्या आधी, तुले पयली चिठ्ठी लिहिली त्याच्याबी आधी, जाईबाईसंग एसटीत बसून मी अकोल्याले गेली. महिन्याच्या आखरीले बलावलं म्हनून तुले लिहिलं ते खोटं. तांदुयाच्या डब्यात फोन टाकला म्हनलं ना, त्याच डब्यात त्याच्या आधी दोर होता. गजावून म्याच काहाडला, मांगचा येढा कापून, गाठीले धक्का न लावता. पिशवीत घालून नेला. वर भाजी ठेवली होती.

म्याडम चांगली बाई हाये. तिनं इचारलं, गाठ कोनाची? म्या सांगतलं. तिनं इचारलं, तो तुमचा कोन? म्या म्हनलं, माह्या हातानं वाढवलेला हाये. तिनं पेन ठेवून देल्ला न मले पानी आनून देल्लं. म्हने, आजी, इचार करून सांगा, अजून लिहिलं नाही म्या. म्या म्हनलं, लिहा.

जमादाराचंबी नाव सांगतलं वं. तो आतमंधी होता, त्याचा आवाज आयकला, सारं सांगतलं. पन त्याच्याजवय रजेचा कागद होता, न माह्याजवय गाठ होती, न गाठ त्याची नव्हती. मी सरकारले धराले गेली न हातात घरचं पोट्टं आलं. हे मले तवा समजलं नाही. आता समजून राहिलं.

मंग तुले चिठ्ठ्या कावून लिहून राहिली होती, म्हनशीन. मले वाटे तो सोता जाईन. त्याचं नाव गेलंच होतं, पन त्यानं आपल्या तोंडानं सांगतलं असतं, आंबे, सासरा, कोनं म्हनलं बांध, तं जमादार रजेवर कसा राहिला असता? म्हनून लवकर पाठव, लवकर पाठव, म्हनून राहिली होती. तुले समजलं नाही. न मले उघडं बोलता आलं नाही. अजूनबी बोलन तो, तं जमादार सुटत नाही. वकिलाले सांग. कोठडीत जाऊन नितेशच्या कानात सांग, मामी म्हनते बोल. माहं तोंड पाह्याचं नसन त्याले तं नोको पाहू म्हन.

जाईबाई काल आली होती. नितेशले धरला हे तिले समजलं. मले वाटलं बरं वाटलं असन तिले. ते बसली, माह्या ताटाजवय, पन जेवली नाही. म्हने, "मानिकबाई, तुमच्या घरचं मानूस गेलं." म्या म्हनलं, "तुह्या घरचं गेलं त्याच्यामांगं गेलं." मंग दोघीजनी बसून राहिलो. फुलं तशीच राहिली झाडावर.

आता तुनं इचारलं ते. म्याडमनं सारं इचारलं, हे नाही इचारलं. तिले वाटलं असन, बुढी कुंपनाच्या इकून पाहून राहिली होती. म्या तिले तसंच समजू देल्लं. जाईबाईलेबी नाही सांगतलं. त्याच्यानंच सांगाले लय दिवस लागले.

मी कुंपनाच्या इकडं नव्हती. आत गेली होती. जमादार पुढच्या खोलीत खाटेवर आडवा झाला होता, त्याच्या घोरन्याचा आवाज येऊन राहिला होता. नितेश जीप घेऊन गेला होता. माह्या हातात गडवा होता, सांबारावर शिपडाचं पानी होतं त्यात. देवमन मले पाहून म्हने, "बाई, हात सोडा." आवाज नव्हता त्याले, नुसते होट हालून राहिले होते. मी त्याच्या मांगं गेली. गाठ पाह्यली. शेपूट त्याच्या बोटापाशी होतं. माह्याबी बोटापाशी होतं.

गाठ ओयखली न माह्या मनात पयले काय आलं सांगू? हा सुटला तं जमादार इचारन, अशी कशी सुटली, कोनं बांधली होती, न पोट्ट्याची नोकरी जाईन. घंटाभराचं तं काम हाये, मी म्हनलं. गाठ नितेशची हाये, तोच येऊन सोडन.

दोन घोट पानी पाजलं त्याले. उरलेलं नेऊन सांबारावर शिपडलं. गाठ म्या वढली नाही.

माणिक